मिलला गिरणी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनंत चतुर्दशीची आपली बातमी वाचली. त्यात 'हुकुमचंद गिरणीचा चित्ररथ' असे छापले आहे. इंदुरातल्या कुठल्याही मराठी घरात हे मोठ्याने वाचून पाहा, क्षणभर कोणाला काही कळणार नाही. आम्ही गहूसुद्धा चक्कीवर दळून आणतो. गिरणी हा शब्द आम्हाला भेटतो तो मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे.

कोशात मिल म्हणजे गिरणी असेच दिलेले असते आणि ते चूक नाही. इंग्रजीतही मूळ अर्थ दळण्याचाच. लॅटिनमध्ये 'मोला' म्हणजे जाते. दातांचे डॉक्टर जिला मोलर म्हणतात ती दाढही त्याच घराण्यातली. मग हुकुमचंदसारख्या कापडाच्या मिलचा यात काय संबंध? संबंध चाकाचा. पीठ दळणारे पाणचक्कीचे चाक रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये इंग्लंडातल्या क्रॉमफर्डला सूत कातायला जुंपले. चाक तसेच, म्हणून नावही तेच. पुढे वाफ आली, वीज आली, चाक गेले, पण नाव कोणी बदलले नाही. म्हणून लाकूड कापणारी सॉ मिल, पोलाद लाटणारी रोलिंग मिल. कागदाचा कारखाना पेपर मिल आणि जेवणाच्या टेबलावरची मिरपुडीची चक्कीही पेपर मिल. देवनागरीत तर दोन्हींत फरकच उरत नाही.

मुंबईने आपल्या पिठाच्या गिरणीला हीच उडी मारायला लावली आणि गिरणगाव, गिरणी कामगार हे शब्द घडवले. उत्तम केले. पण इंदुराने इंग्रजी शब्दच उचलला आणि तो इथे नावांत मुरला: मालवा मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. यंत्रे नाहीत, भोंगा नाही, पण चतुर्दशीच्या रात्री झांकी निघते ती मिलच्याच नावाने. मालवा मिल म्हणजे तर आता चौराहा झाला आहे. रिक्षावाल्याला 'मालवा गिरणी' सांगून पाहा, कुठे पोहोचाल ते देव जाणे.

गंमत म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहेत त्या आपल्या दाल मिल. तिथे निदान धान्य तरी भरडले जाते.

तेव्हा मुंबईच्या बातमीत गिरणी अवश्य लिहा, इंदूरच्या बातमीत मिलच असू द्या. आणि हो, चित्ररथही नको. झांकी म्हणा. दाल मिलला डाळ मिल केलेत तर मात्र तक्रार नाही, आमच्याकडे दोन्ही चालते.

आपला,
एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर