मोबाइलची बॅटरी घरी बदलता यावी : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

घरातले मिक्सर, पंखे आणि इस्त्री मी गेली वीस वर्षे स्वतः दुरुस्त करत आलो आहे. त्यामुळे आईच्या साडेतीन वर्षांच्या मोबाइलची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले, तेव्हा तीही आपल्याला बदलता येईल असे मला वाटले. अधिकृत सेवा केंद्र आमच्या शिराळ्याहून लांब, सांगलीला. तिथे बॅटरी शिल्लक नव्हती आणि फोन आठ दिवस ठेवून जा, असे सांगण्यात आले. पेन्शनचे संदेश, बँकेचे ओटीपी, गॅसची नोंदणी असे आईचे सगळेच त्या एका फोनवर चालत असल्याने ते शक्य नव्हते.

पहिली अडचण बॅटरी मिळवण्याचीच आली. कंपनी ती ग्राहकाला सुटी विकत नाही. ऑनलाइन तीन विक्रेत्यांकडे तिच्या तीन वेगवेगळ्या किमती होत्या आणि तिन्हींवर ‘ओरिजिनल’ असे छापलेले होते; त्यांतली खरी कोणती, हे ओळखण्याचे कोणतेही साधन माझ्याकडे नव्हते. त्यानंतर फोन उघडणे. मागचे झाकण गोंदाने चिकटवलेले असते आणि तो गोंद सैल करण्यासाठी उष्णता द्यावी लागते, पण फुगलेल्या लिथियम-आयन बॅटरीला उष्णता देणे हाच मोठा धोका आहे. खुद्द बॅटरीही आतल्या चौकटीला चिकटवलेली होती. ती उचकटताना वाकली किंवा तिला टोक लागले तर पेट घेऊ शकते, हे ठाऊक असल्यामुळे मी शेजारी वाळूची बादली ठेवून काम करत होतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे होते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात बसला तर मुख्य बोर्डालाच इजा होते. तरी कोणता कुठला, हे सांगणारी कंपनीची पुस्तिका मला कुठेही मिळाली नाही. अखेर बॅटरी बदलली गेली, फोनही सुरू झाला, मात्र बोटाचा ठसा ओळखणाऱ्या भागाची कागदासारखी पातळ पट्टी त्या खटपटीत फाटली.

फोन सडपातळ राहावा, त्यात पाणी जाऊ नये, म्हणून गोंद लागतो असे कंपन्या सांगतात. हे कारण खोटे नाही. पण ओढताच सुटणारी चिकटपट्टी बॅटरीखाली लावलेले फोन बाजारात आहेत, तेव्हा कायमचा गोंद हा एकमेव मार्ग आहे असे मला पटत नाही. काही फोनमध्ये तर दुसऱ्या तशाच फोनमधला अस्सल भाग बसवला तरी सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही आणि पडद्यावर इशारा देत राहते. विकत घेतलेल्या वस्तूवरचा ग्राहकाचा हक्क इथे संपतो, याचे मला खरोखर दुःख होते.

आपल्या मंत्रालयाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचे पोर्टलही सुरू केले. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे गुण देणाऱ्या दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फोन उघडण्याची सुलभता, अवजारे, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती हे तिचे निकष योग्यच आहेत. माझी विनंती इतकीच आहे की हे गुण देताना अधिकृत केंद्रातल्या तंत्रज्ञासोबत घरी पेचकस हाती घेणाऱ्या माणसाचाही विचार व्हावा आणि ते गुण खोक्यावर ठळक छापणे कायद्याने बंधनकारक असावे.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही त्याचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. बॅटरी वापरणाऱ्याला बदलता येणार नसेल, तर हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यानंतरही तिची ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे, अशी अटही तिथे आहे. हाच नियम भारतात विकल्या जाणाऱ्या फोनलाही लावावा. किमान बॅटरी, स्क्रीन आणि चार्जिंगचा भाग ग्राहकाला छापील किमतीत थेट कंपनीकडून मिळावेत, आणि त्यांसोबत मराठीसह भारतीय भाषांतली सचित्र पुस्तिका द्यावी.

आपला नम्र,
शिराळा (जि. सांगली) येथील एक ग्राहक