पैशाचा मार्च, पाण्याचा मे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या पाड्यांवर सेवाभावी संस्थांनी उभारलेल्या पाणी योजनांची उद्घाटने दर मार्चमध्ये एकापाठोपाठ एक होतात. नारळ फुटतो, फीत कापली जाते, नवीकोरी टाकी आणि सौर पॅनेल फोटोत चमकतात. त्याच टाकीचा पुढच्या मे महिन्यातला फोटो क्वचितच कोणी मागतो.

या भागात पाऊस भरपूर पडतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाणी नार, पार, दमणगंगेच्या खोऱ्यांतून पश्चिमेला निघून जाते. दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. आणि नेमका दिवाळीनंतरच कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा) निधी हलतो: जानेवारीत पाहणी, फेब्रुवारीत काम, ३१ मार्चच्या आत बिल. म्हणजे विहिरीला पाणी असतानाच ती ‘पास’ होते.

खरी पाहणी एप्रिल-मेमध्येच व्हायला हवी. ६० घरांचा पाडा, साधारण ३०० माणसे, जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर १६,५०० लिटर लागतात. विहिरीचा व्यास ५ मीटर असेल, तर पाण्याची पातळी १ सेंटिमीटर वाढली की सुमारे १९६ लिटर आले. विहीर पूर्ण उपसायची आणि तासातासाला मोजपट्टी सोडायची. चोवीस तासांत पाणी ८४ सेंटिमीटर चढले, तरच ती विहीर पाड्याला पुरेल. झिरा (झिरपून येणारे पाणी) त्याहून कमी असेल, तर आधी खोलीकरण, गाळ काढणे, वरच्या अंगाला बंधारा. पंपाचे नंतर पाहू. ही चाचणी एका दिवसाची. तिचा खर्च उद्घाटनाच्या मांडवाहून जास्त नसावा.

‘पण ३१ मार्चला निधी संपवावा लागतो,’ असे सांगितले जाते. कायदा असे म्हणत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, चालू प्रकल्पाचा न खर्चलेला निधी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. त्यासाठी संचालक मंडळाने प्रकल्प ‘बहुवर्षीय’ म्हणून मंजूर करायला हवा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांनी एवढा एक ठराव केला, तरी मेमध्ये विहीर पाहून पावसाळ्यानंतर काम करता येईल.

दुसरी चूक पाइपची. विहीर दरीत, पाडा ८० मीटर वर. तळाशी पाइपवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ किलोचा दाब येतो. अंदाजपत्रकात मात्र सरसकट ‘एचडीपीई, ६ किलो’ (६ किलो दाब सोसणारा प्लास्टिक पाइप) अशी एकच ओळ असते, कारण तो पाइप स्वस्त. पहिल्याच उन्हाळ्यात खालचा सांधा सुटतो. खालच्या निम्म्या लांबीला १० किलोचा पाइप आणि विहिरीजवळ नॉन-रिटर्न (पाणी उलटे येऊ न देणारा) व्हॉल्व्ह घातला, तर वरच्या भागात ६ किलोचा चालतो. पंप ३ एचपीचा पुरतो, पण कोरडा चालल्यास आपोआप बंद पडण्याची सोय कंट्रोलरमध्ये हवीच. नाहीतर एप्रिलमध्ये पाणी खाली जाते, मोटर कोरडी फिरत राहते आणि जळते. मग वॉरंटी कार्ड शोधायचे, तर ते ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यात.

पाणी शुद्ध करायला बसवल्या जाणाऱ्या आरओ यंत्रांविषयी थोडक्यात: डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यात क्षार मुळात कमी असतात. तिथे धोका जंतूंचा, आणि त्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरेशी आहे. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे २०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. बादलीत आधी लगदा करावा, पाणी घालून ढवळावे, दहा मिनिटांत चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे. तासाभराने ओटी टेस्टमध्ये (पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या चाचणीत) पिवळा रंग आला पाहिजे. पावडरीचे पोते उघडे राहिले तर तिचा जोर उतरतो, मग ५० ग्रॅम टाकूनही रंग येत नाही. आरओचा मेम्ब्रेन बदलण्याहून हे कितीतरी स्वस्त, फक्त रोज करणारा माणूस हवा.

आणि देणगीदार हात आखडतात ते याच माणसावर. ‘पगाराला पैसे नाहीत, वस्तूला आहेत.’ त्यासाठी ५ टक्के प्रशासकीय खर्चाच्या मर्यादेचा दाखला दिला जातो. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची थेट अंमलबजावणी आणि देखरेख यांचा खर्च तिच्यात मोजला जात नाही. टाकी भरणारा, पॅनेल पुसणारा, टीसीएल घालणारा माणूस हा प्रकल्पाचाच भाग. घरटी ३० रुपये पाणीपट्टी गोळा केली, तर ६० घरांचे महिन्याला १,८०० होतात. त्यात व्हॉल्व्ह-सांधे निघतात, मानधन निघत नाही. ते निदान पहिली पाच वर्षे संस्थेने द्यावे.

नाशिकला हे नवे नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आणि मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासून उभे आहेत, ते नुसत्या इमारतींवर नव्हे. रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस पगारावर होता म्हणून.

झरा वनजमिनीवर असेल तर काम अडते, हीही नेहमीची तक्रार. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार, एक हेक्टरपेक्षा कमी जागेत आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर पिण्याच्या पाण्याच्या सोयीसाठी आणि पाइपलाइनसाठी वनजमीन मिळू शकते. ठराव काम सुरू होण्याआधी घ्यावा. नंतर घेतलेला ठराव वनरक्षकाच्या दंडापासून वाचवत नाही.

टाकीवर देणगीदाराचे नाव जरूर रंगवावे. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, पंपाचा मॉडेल क्रमांक, वॉरंटी संपण्याची तारीख आणि दुरुस्तीला येणाऱ्याचा फोन लिहावा.

आपले,
पाणी योजनांवर काम करणारे काही कार्यकर्ते, नाशिक