आधी वॉर्डाची तयारी मोजा

परिचारिका दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला पुराव्याधारित शुश्रूषेवरील, म्हणजे संशोधनात सिद्ध झालेल्या पद्धतींनी रुग्णसेवा करण्यावरील, लेख वाचला. परिचारिकांना त्याचे प्रशिक्षण देण्याची त्यातील सूचना रास्तच आहे. पण प्रशिक्षण घेऊन सिस्टर ज्या वॉर्डात परततात, तो या नव्या पद्धतींसाठी तयार आहे का, हे कोण तपासणार?

सलाइनची इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली बारीक नळी) ठरावीक दिवसांनी बदलण्याची जुनी पद्धत घ्या. ती गरज दिसेल तेव्हाच बदलली, तरी शिरेला सूज येण्याचे प्रमाण वाढत नाही, असे ऑस्ट्रेलियातील ३,२८३ रुग्णांच्या चाचणीत २०१२ मध्ये दिसून आले. मात्र त्यासाठी प्रत्येक पाळीत रुग्णाचा हात पाहून नोंद करावी लागते. खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या असतात आणि रात्रपाळीला सिस्टर एकटी, तिथे हे व्हायचे कसे?

केवळ पुरावा पुरत नाही, वॉर्डातले वातावरण आणि मदतीला जाणते माणूसही लागते, अशी मांडणी ब्रिटनमधील परिचर्या संशोधकांनी १९९८ मध्येच केली. वॉर्डाची ही तयारी मोजायच्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. सांगली-मिरजेत नर्सिंग महाविद्यालये आहेत. त्यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांचा वॉर्डनिहाय आढावा घ्यावा आणि मनुष्यबळाची मागणी त्याच आधारे करावी.

– एक वाचक, मिरज