खाली ‘म’, वर इंग्रजी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुधाचा दर, पेंडीचा भाव यांवर तुमच्याकडे ढिगानं पत्रं येत असतील. माझं पत्र कीबोर्डवरच्या दोन कळांबद्दल आहे. हसू नका, त्या दोन कळांपायी आमच्या दूध संस्थेची सभासद यादी इंग्रजीत जायची वेळ आली होती.

मी पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या संस्थेत लेखनिक आहे. सकाळ-संध्याकाळ संकलन, म्हैस वेगळी, गाय वेगळी, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), चिठ्ठी, दहा दिवसांनी बिल. मराठी टंकलेखनाची ३० शब्दांची परीक्षा मी टाइपरायटरवर दिली आणि बोटं अजून त्याच जागी जातात. म्हणून संगणकावर टाइपरायटरच्याच मांडणीत युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच दिसणारं, मराठी उमटवणारं एक छोटं सॉफ्टवेअर घालून घेतलंय. कंट्रोल आणि एम एकदम दाबलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी ‘इं’ असतं त्याचं ‘म’ होतं. परत दाबलं की परत ‘इं’. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, नोटपॅड, कुठंही. पाच वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता.

गेल्या वर्षी संस्थेनं संकलनाचा नवा प्रोग्रॅम घेतला. काटा आणि फॅट मशीन थेट संगणकाला जोडलेलं, आकडे आपोआप येतात, माझं काम निम्म्यावर आलं, हे कबूल. पण नव्या सभासदाचं नाव घालायला गेले आणि कंट्रोल-एम चालेना. खाली ‘इं’ ते ‘इं’च. बाहेर येऊन नोटपॅड उघडलं, दाबलं, ‘म’ झालं. तसंच परत प्रोग्रॅममध्ये गेले, तर कोपऱ्यात ‘म’ दिसतंय आणि नावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरं पडताहेत. खाली ‘म’, वर इंग्रजी. खरं तर सगळं उत्तर त्यातच होतं, पण ते कळायला मला तीन आठवडे लागले.

मग सल्ले सुरू झाले. प्रोग्रॅम बसवणारा मुलगा फोनवर म्हणाला, “मॅडम, कीबोर्ड गेला असेल.” गेला असता तर नोटपॅडमध्ये कसा चालला, हे विचारायचं मला सुचलं नाही. ४५० रुपयांचा नवा आणला. तेच. मग म्हणाला, फॉन्ट. संगणकावर मराठीचं काही अडलं की पहिला संशय फॉन्टवर, जसा म्हशीचं दूध आटलं की पहिला संशय दृष्टीवर. फॉन्ट परत टाकले. तेच. अँटिव्हायरस बंद करून बघितला. तेच. शेवटी त्यानं हात झटकले: “आमच्या प्रोग्रॅममध्ये मराठी चालत नाही बहुतेक.”

हे खोटं होतं, आणि ते माझं मीच ताडलं. नोटपॅडमध्ये नाव टाइप केलं, कॉपी केलं, प्रोग्रॅममध्ये पेस्ट केलं. काना, मात्रा, रफारासकट स्वच्छ बसलं. म्हणजे फॉन्टही ठीक आणि प्रोग्रॅमला युनिकोडही कळतंय. तोच मजकूर माऊसनं ओढून न्यायला गेले तर मात्र तो आत घेईना, नुसतं मनाईचं गोल चिन्ह. पेस्ट चालतं आणि ओढलेलं चालत नाही, हे काय गौडबंगाल, ते कळेना. पण काम थांबवून चालणार नव्हतं, त्यामुळे तीन आठवडे मी एकेक नाव असं नोटपॅडमधून आणून चिकटवत होते, मागं रांगेत किटल्या वाजत होत्या.

चेअरमन म्हणाले, “घाला की इंग्रजीत, नाव कळलं म्हणजे झालं.” त्यांचंही चुकलं नाही, त्यांना संध्याकाळचा टँकर दिसत होता. पण नाव कळत नाही, हीच तर अडचण आहे. आमच्याच तालुक्यात कळे गाव आहे. ते आणि काळे आडनाव इंग्रजीत लिहून बघा, काही फरक उरतो का. आनंद आणि आनंदा ही दोन वेगळी माणसं आहेत, घाईत टाइप करणाऱ्याच्या इंग्रजीत ती एक होतात. दिवाळीला दूध दर फरक, म्हणजे आधी घातलेल्या दुधावरची वाढीव रक्कम, वाटायचा असतो, तेव्हा पासबुकावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळेना झालं की बँक पैसे परत पाठवते आणि शिव्या लेखनिकाला. शिवाय चिठ्ठी ज्या बाईच्या हातात जाते तिला मराठी वाचता येतं. तिचं नाव तिला वाचता येऊ नये, असा कुठला नियम आहे?

उत्तर सापडलं ते एका सभासदाच्या मुलीमुळे. ती डिप्लोमाला आहे, संध्याकाळचं दूध घालायला तीच येते. रांग संपल्यावर म्हणाली, “काकू, बघू का जरा?” आधी तिनं माझ्या सॉफ्टवेअरचा शॉर्टकट बदलून दुसरा ठेवला. तिचं म्हणणं, कंट्रोल-एम या प्रोग्रॅमनं स्वतःच्या एखाद्या कामाला राखून ठेवलं असेल, तर तो ते मधेच गिळत असेल. दुसरा शॉर्टकटही चालला नाही, म्हणजे तो प्रश्न मिटला. मग प्रोग्रॅम बंद करून परत चालू करायला सांगितला. चालू करताना पडदा काळसर झाला आणि नेहमीचा प्रश्न आला, या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का.

“काकू, हा रोज विचारतो?”

“रोज सकाळी. मी ‘येस’ दाबते.”

“आणि वर्ड विचारतं? नोटपॅड?”

नाही विचारत. बाकी कोणीच नाही विचारत. मग तिनं डेस्कटॉपवरच्या त्या प्रोग्रॅमच्या चित्रावर बोट ठेवलं. कोपऱ्यात निळ्या-पिवळ्या रंगाची छोटी ढाल होती. इतके दिवस मी तिच्यावर टिचकी मारत होते, मला वाटायचं कंपनीचा शिक्का असेल.

तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. विंडोजमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमना कमी-जास्त अधिकार असतात. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेला प्रोग्रॅम वरच्या पायरीवर बसतो, बाकीचे खाली. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून असा कायदा आहे की खालच्या पायरीवरच्यानं वरच्याच्या खिडकीत काही ढकलायचं नाही आणि तिथं दाबलेल्या कळा चोरून ऐकायच्या नाहीत. संचालक मंडळाची सभा चालू असताना शिपायानं दाराला कान लावायचा नाही, तसं. एखादा चोर प्रोग्रॅम वरच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमच्या नावावर हुकूम सोडू नये म्हणून ही सोय, आणि ती योग्यच आहे. पण माझं मराठीचं सॉफ्टवेअर चालतं तेच मुळी कळा ऐकून. मी दाबलेली कळ ते मधेच झेलतं आणि तिच्या जागी मराठी अक्षर ठेवतं. वरच्या पायरीवरची खिडकी समोर आली की त्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणून खाली ‘म’, वर इंग्रजी. ओढून नेलेला मजकूर अडला तो त्याच दारात. कॉपी-पेस्टला ती आडकाठी नाही.

खात्रीसाठी तिनं टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला आणि त्यावर क्लिक करून माझा शॉर्टकट दाबायला लावला. तिथंही मेला! आमच्या संगणकावर टास्क मॅनेजरही वरच्याच पायरीवर उघडतो. ‘डिटेल्स’मध्ये रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘एलिव्हेटेड’ नावाचा रकाना आणला, तर दूध संकलनासमोर ‘येस’, माझ्या मराठीसमोर ‘नो’. तीन आठवड्यांचं दुखणं दोन शब्दांत लिहिलेलं.

आता औषध. एक उपाय सोपा: माझं मराठीचं सॉफ्टवेअरही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. करून बघितलं, लगेच चाललं. पण प्रत्येक कळ ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरला वरचा अधिकार देऊन ठेवणं तिला पटेना, मलाही नाही. त्याच संगणकावर संस्थेचं बँकेचं काम चालतं. दुसरा उपाय विंडोजच्या स्वतःच्या मराठी कीबोर्डचा. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून तो बदलतो, आणि तो विंडोजचाच असल्यामुळे त्याला ही पायरी आडवी येत नाही. त्यातली इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे, नवीन शिकणाऱ्यानं तीच शिकावी असं मी आमच्या मदतनीस मुलीला सांगितलंय. पण ‘प’ तिथं इंग्रजी ‘एच’च्या कळेवर, ‘र’ ‘जे’वर. माझ्या बोटांना आता या वयात सासर बदलायला सांगू नका.

तिसरा उपाय मुळाचा. या प्रोग्रॅमला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार हवाच कशाला? चित्रावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, आणि खाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ अशा अर्थाच्या चौकटीतली बरोबरची खूण. बसवणाऱ्या मुलानंच करून ठेवलेली. फोनवर विचारलं तर म्हणाला, काढू नका, काट्याचं कनेक्शन तुटेल. काढली. काटा व्यवस्थित आकडे देत राहिला, फक्त नोंद जतन होईना. कारण प्रोग्रॅम आपली माहिती ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या फोल्डरात लिहीत होता आणि तिथं साध्या अधिकारानं लिहिता येत नाही. मग आधी सगळ्या माहितीची पेन ड्राइव्हवर प्रत काढली आणि त्या एका फोल्डरापुरता लिहायचा परवाना दिला. नोंद जतन झाली. कंट्रोल-एम दाबलं. ‘म’. वरसुद्धा.

तालुक्याला टायपिंग करणाऱ्या माझ्या मैत्रिणीची तक्रार वरून अशीच, पण रोग वेगळा. तिचा प्रोग्रॅम रिमोट डेस्कटॉपवर चालतो, म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्याच संगणकात आणि तिच्यासमोर फक्त त्याची खिडकी. ती खिडकी पूर्ण पडदाभर झाली की विंडोजच्या जोडकळा पलीकडच्या संगणकाला जाऊन पोचतात, आणि तिथं मराठी कीबोर्ड घातलेलाच नव्हता. तिला जोडणीच्या खिडकीत ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये जाऊन कीबोर्डची सेटिंग बघायला सांगितली. तेव्हा शॉर्टकट एकाच ठिकाणी मरतो म्हटलं की मी आता पहिल्यांदा विचारते, त्या चित्रावर ढाल आहे का, आणि तो प्रोग्रॅम याच संगणकात आहे का. कीबोर्ड नंतर.

हे सगळं आपल्या वृत्तपत्रात लिहायचं कारण, या गावोगावच्या संस्था, पतसंस्था प्रोग्रॅम घेताना तीन कोटेशनं मागवतात, ठराव करतात, आणि दाखवायला आलेला माणूस इंग्रजीत ‘टेस्ट’ असं नाव घालून चिठ्ठी काढून दाखवतो. सगळे माना डोलावतात. त्याच वेळी सचिवांनी लेखनिकाला खुर्चीत बसवावं आणि तिच्या नेहमीच्या कीबोर्डनं पाच सभासदांची नावं घालायला लावावीत, चेक त्यानंतर लिहावा. आणि बसवणाऱ्यांनाही विनंती, काहीही अडलं की ॲडमिनिस्ट्रेटरची खूण करून मोकळं होऊ नका. तुम्ही मोटारसायकलवर निघून जाता, खूण आमच्याकडे राहते.

मागच्या आठवड्यात प्रोग्रॅमचं अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा परत काळसर झाला. ढाल परत आली होती. या वेळी मी कुणाला फोन केला नाही. संध्याकाळच्या संकलनाआधी खूण काढली, फोल्डराचा परवाना बघितला, आणि पहिल्याच चिठ्ठीवर त्या मुलीच्या आईचं नाव मराठीत छापून दिलं.

आपली,
एक लेखनिक,
पन्हाळा तालुका, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती. चेअरमन रोज आपलं वृत्तपत्र वाचतात.)