मिरजेच्या त्या ताई-दादांचे मनापासून आभार

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही मिरजेत होतो. डॉक्टर-नर्सेसचे आभार तिथेच मानले. पण रोज दुपारी वॉर्डात येणाऱ्या चर्चच्या मंडळींची नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर लिहितोय.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, हे सांगलीकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्या सेवेचा वसा आजही कोण चालवतं, ते मात्र वॉर्डात राहिल्यावरच कळलं.

निळ्या साडीतल्या मावशी डब्यातून गरम पेज आणायच्या. आई जेवणाला तोंड लावत नव्हती. त्या शेजारी बसून, गप्पा मारत, चमच्या-चमच्याने भरवायच्या. एकदा गुंता झालेले केस पाहून त्यांनी तेल लावलं, हलक्या हातानं सोडवले आणि वेणी घातली. आईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं! मला हे कधीच जमलं नसतं.

आम्ही विठ्ठलाचे वारकरी. प्रार्थनेआधी त्यांनी दरवेळी "चालेल ना, आजी?" असं विचारलं. शेजारच्या कॉटवरच्या, कोणीच नातेवाईक नसलेल्या आजोबांचीही त्यांनी तितक्याच मायेनं उस्तवार केली. एका दादांनी तर रात्री रक्तही दिलं.

मावशी, दादा, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. आई आता काठी घेऊन चालते. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा दुपारी वॉर्डात थांबू; तिला तुम्हाला भेटायचंय.