पाचवीची तयारी चौथीच्या दुसऱ्या सत्रातच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की चौथीच्या पालकांची पाचवीच्या प्रवेशासाठी धावपळ सुरू होते. शाळा कुठली, सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून) आहे का, रिक्षावाले काका तिकडे जातात का, एवढी चौकशी झाली आणि प्रवेश पक्का झाला की विषय संपतो. पुण्यातल्या बहुतेक अनुदानित मराठी शाळांत पहिली ते चौथीची प्राथमिक शाळा वेगळी आणि पाचवीपासूनची माध्यमिक वेगळी. संस्था एक, आवारही एक असले तरी मुख्याध्यापक, कार्यालय, घंटा सगळे निराळे. १ मेला निकाल हातात पडतो, जूनच्या मध्यावर नवी शाळा भरते आणि मधल्या दीड महिन्यात ते मूल कोणत्याच शाळेचे नसते. जून-जुलैमध्ये ‘पाचवीत गेल्यापासून घसरला’ अशी तक्रार येते. तिची कारणे बहुधा अभ्यासक्रमात नसतात. ती वहीत, पेनात, वेळेत आणि दप्तरात असतात, आणि ती चौथीतच दूर करता येतात.

वहीचेच पाहा. चौथीपर्यंत गणिताला चौकटीची वही असते. एका चौकटीत एक अंक, त्यामुळे एककाखाली एकक आपसूक येतो. पाचवीत एकरेघी वही येते आणि नेमक्या त्याच वेळी संख्या लाखांच्या घरात जातात. गुणाकाराची दुसरी ओळ एक घर सरकवायची ती सरकत नाही, हातचा शेजारच्या अंकावर चढतो आणि उत्तर चुकते. सरांना वाटते गुणाकार येत नाही, घरी पाढ्यांची घोकंपट्टी सुरू होते. पाढे पाठच असतात, चुकलेली असते ती मांडणी. यावर सोपा उपाय आहे. फेब्रुवारीपासून आठवड्यातले दोन दिवस गणित एकरेघी वहीत करून घ्यावे, पण वही आडवी धरून. रेघा उभ्या होतात आणि रकाने आयते मिळतात. महिनाभराने वही सरळ करावी. हातच्यासाठी वरची एक ओळ रिकामी सोडण्याची सवयही याच वेळी लावावी.

पेन्सिलीवरून पेनावर येतानाही असेच होते. खोडरबर गेले की मुले चुकलेल्या अक्षरावरच दुसरे गिरवतात. गणितात ५ चा ६ झाला की नेमका कोणता वाचायचा हे तपासणाऱ्याला कळत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारून पुढे लिहायचे, हे शिकवावे लागते. आपोआप येत नाही. जानेवारीपासून शुद्धलेखन पेनाने, गणित मात्र वर्षअखेरपर्यंत पेन्सिलीनेच ठेवावे. पेन साधे बॉलपेन असावे. जेलची शाई हाताखाली पसरते.

प्राथमिकमध्ये सगळ्यांचे लिहून होईपर्यंत बाई थांबतात. माध्यमिकमध्ये तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. घंटा झाली की सर निघतात आणि पुढचे सर येऊन फळा पुसतात. वह्या अपुऱ्या राहतात त्या इथे. बरीच मुले एकेक अक्षर बघून उतरवतात, दर अक्षराला मान वर, मान खाली. एका नजरेत तीन-चार शब्द धरायला त्यांना शिकवावे: फळ्यावर वाक्य लिहायचे, सगळ्यांनी मोठ्याने वाचायचे, झाकायचे, मग लिहायचे. रोज पाच वाक्ये पुरतात. तरीही राहिलेच तर तेवढी जागा सोडून समासात खूण करायची आणि मधल्या सुट्टीत मित्राच्या वहीतून पूर्ण करायचे.

ज्यांनी आधी सेमी केलेले नाही, त्यांचे पालक मे महिन्यात इंग्रजीचा क्लास शोधतात. त्या क्लासात व्याकरण होते, गणिताची भाषा होत नाही. ‘हाऊ मेनी मोर’ असा प्रश्न आला की ‘मोर’ म्हणजे जास्त, म्हणून मूल बेरीज करते. तिथे वजाबाकी हवी असते. अंश-छेद उत्तम येणारे मूल ‘न्यूमरेटर’ला अडते. शिवाय मराठी ४ आणि इंग्रजी आठाचा आकडा सारखाच दिसतो, त्यामुळे घाईत लिहिलेल्या उदाहरणात दोन्हींची सरमिसळ होते. गणितातले चाळीस-पन्नास इंग्रजी शब्द आणि दहा-बारा प्रश्नांच्या ठरावीक रचना, एवढाच मजकूर मराठी अर्थासह तक्त्यावर लावून रोज पाच मिनिटे वाचून घेतला तरी जूनमधली भीती बरीच कमी होते.

वेळेचा बदल तर कुणी हिशेबातच धरत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश शासनाने २०२४ मध्ये काढला. तो योग्यच आहे. पण पाचवी त्यात येत नाही, आणि अनेक माध्यमिक शाळांचे सकाळचे सत्र सातच्या सुमारास सुरू होते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने पंधरा जूनला एकाएकी दोन तास आधी उठायचे. झोपेची वेळ १ जूनपासून दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणली तर शाळा सुरू होईपर्यंत जुळते. आदल्या रात्री सुरुवात केली तर पहिले दोन आठवडे पहिल्या तासाला डुलक्या ठरलेल्या.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे, असा नियम आहे. मूल अठ्ठावीस किलोचे असेल तर दप्तर पावणेतीन किलोपर्यंत. त्यात लिटरभर पाण्याची बाटली भरली की किलो तिथेच गेला. दप्तर जड होते ते मूल ‘कशाला धोका’ म्हणून रोज सगळी पुस्तके नेते म्हणून. वेळापत्रक पाहून रात्री स्वतः दप्तर भरणे चौथीच्या मार्चपासून मुलाकडेच द्यावे. आईने भरू नये, एखादी वही राहिली तर राहू द्यावी.

स्वच्छतागृहाबद्दल मुले बोलत नाहीत, पण नव्या मोठ्या शाळेत ते कुठे आहे हे ठाऊक नसल्याने आणि मोठ्या मुलांच्या भीतीने ती तिकडे जायचे टाळतात, आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. मग डोके दुखते, पोट दुखते, मुलींना लघवीची जळजळ होते. एप्रिलमध्ये चौथीचा वर्ग माध्यमिक शाळेत नेऊन आधी स्वच्छतागृह, पाण्याचे नळ, कार्यालय आणि पाचवीचा वर्ग दाखवावा. सभागृहात बसवून भाषण देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

आता शाळांसाठी. चौथीच्या बाईंना वर्गातले प्रत्येक मूल ठाऊक असते. कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, कोण घाबरले की अडखळते, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला भागाकार अजून कच्चा. शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत यातले काहीच पुढे जात नाही. ते लिहून द्यायला दर मुलामागे अर्धे पान पुरे. त्यात शेरे नकोत, ‘आळशी’, ‘खोडकर’ तर अजिबात नकोत. काय जमते, काय अडते आणि कशाने सुटते एवढेच असावे. पाचवीच्या वर्गशिक्षकांनी ते पहिल्या दिवसाआधी वाचावे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आहे, तीही नाही जमली तर मूल त्याच वर्गात राहते. त्यामुळे कच्चे काय आहे हे प्रथम सत्राच्या परीक्षेपर्यंत न कळणे परवडणारे नाही.

कागदांचे थोडक्यात. आधार, जन्मदाखला आणि शाळेचे जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) या तिन्हींतले नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख जानेवारीतच ताडून पाहावी. ‘शुभम’चा ‘शुभंम’ प्राथमिक शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावा, शाळा सोडल्यावर ते फार अवघड जाते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. जुन्या शाळेनेही तो ताबडतोब द्यायचा आहे.

महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवीपर्यंतच आहेत, तिथे हाच प्रश्न आठवीला येतो आणि तो अधिक नाजूक असतो. नवी शाळा लांब पडली की मुलींचे शिक्षण थांबण्याची भीती असते. ज्या शाळेत आठवीपर्यंतची सोय नाही, तिथल्या मुलाला दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क त्याच कलमाने दिला आहे. तेव्हा सातवीच्या प्रत्येक मुलीचे नाव, ती जाणार ती शाळा आणि तिथवर जाण्याची सोय यांची यादी मुख्याध्यापकांनी एप्रिलमध्ये करावी आणि जुलैमध्ये त्या शाळांना फोन करून ती खरेच रुजू झाली का, हे तपासावे.

शिक्षण विभागाला विनंती अशी की, प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसण्याचा एक दिवस एप्रिलच्या वेळापत्रकातच राखून ठेवावा आणि त्याचे पत्रक जानेवारीत काढावे. मार्चमध्ये काढले तर परीक्षांच्या गर्दीत ते फाईललाच लागते.

आपले,
प्राथमिक व माध्यमिक शाळांतील काही शिक्षक, पुणे