थंडीत फुलणाऱ्या विच हेझलबद्दल थोडंसं

संपादक साहेब, स.न.वि.वि.

बागेवरच्या लेखांत हिवाळा आला की सगळे गप्पच होतात, म्हणून म्हटलं विच हेझलबद्दल लिहावं. हे झुडूप कडाक्याच्या थंडीत पानं नसताना फुलतं, आणि फुलं तरी कशी, लांबट रिबिनी चुरगळून ठेवल्यासारख्या पाकळ्या, जास्त गारठा पडला की त्या गुंडाळून घेतात आणि ऊब आली की परत उलगडतात! याच्या जातींपैकी 'अर्नोल्ड प्रॉमिस' पिवळी, 'जेलेना' तांबूस केशरी, 'डायेन' लाल. लाल फुलं लांबून दिसत नाहीत हो, म्हणून माझं मत पिवळ्याला, तेही मागे गडद हिरवं काहीतरी असेल तर.

माती किंचित आम्लधर्मी हवी, पाण्याचा निचरा हवा, आणि जागा सुरुवातीलाच मोठी ठेवा कारण झुडूप हळूहळू का होईना 3-4 मीटर पसरतं. आणखी एक, नर्सरीतली रोपं बहुतेक कलमी असतात, कलमाच्या खालून फुटवे आले की लगेच काढायचे. मी आळस केला, तर खालचं रानटी झाडच वरचढ झालं. छाटणी फुलं संपल्यावरच बरं का!

एक बागवेडी वाचक